शिशावाचून सूर्यशक्ती

धान्याचा व्यापार हा मुळातच सूर्याचा व्यापार आहे. शेतकऱ्याच्या रानात जो प्रकाश पडतो, तोच ज्वारीच्या कणसात, गव्हाच्या ओंबीत आणि तुरीच्या शेंगेत साठतो. आपण व्यापारी तो पोत्यांत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवितो, इतकेच. त्याच प्रकाशापासून प्रत्यक्ष वीज निर्माण करण्याची विद्या आता आपल्या दुकानांच्या आणि गोदामांच्या छपरांपर्यंत येऊन ठेपली असता तिच्याविषयी आपण उदासीन राहणे योग्य नव्हे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसविण्याची योजना जाहीर केली, तीत ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले, आणि तेव्हापासून आपल्या रविवार पेठेतसुद्धा भाव, अडत आणि हमाली यांच्या जोडीला युनिटांची भाषा ऐकू येऊ लागली आहे.

आज बाजारात जी पॅनेले मिळतात ती बहुतेक सर्व सिलिकॉनची असतात. परंतु प्रयोगशाळांतून एक नवीन माल तयार होत असून तो पेढीच्या उंबरठ्यावर येण्यास आता फार विलंब लागेल असे दिसत नाही. हा माल स्वस्त, पातळ आणि गुणवान आहे. मात्र त्याच्या पोटात शिसे आहे. ते शिसे काढून टाकण्याचा उद्योग जगभरचे शास्त्रज्ञ गेली दहा-बारा वर्षे नेटाने करीत आहेत. त्या उद्योगाची हकीकत आणि तिच्यातून आपण व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा बोध, हा या लेखाचा विषय होय.

नवा माल कोणता?

या मालाचे नाव पेरोव्स्काइट. नाव रशियन आहे, कारण मूळ खनिज रशियातील उरल पर्वतात सापडले. गुस्ताव रोझे या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८३९ साली त्याचे वर्णन केले आणि लेव पेरोव्स्की या रशियन सरदाराचे नाव त्यास दिले. ते खनिज कॅल्शियम, टिटॅनियम आणि प्राणवायू यांचे होते व त्याचा विजेशी काही संबंध नव्हता. पुढे ज्या ज्या पदार्थाच्या अणूंची मांडणी त्या खनिजासारखी आढळली, त्या सर्व कुळास पेरोव्स्काइट हेच नाव पडले. ही मांडणी समजण्यास कठीण नाही. एक ठोकळा कल्पावा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर एका जातीचे अणू, सहा बाजूंच्या मध्यावर दुसऱ्या जातीचे, आणि ठोकळ्याच्या थेट गर्भात एका धातूचा अणू. असे ठोकळे एकास एक लागून रचले की पेरोव्स्काइट तयार झाले. आपल्या विषयातील पदार्थात बाजूंच्या मध्यावर आयोडीन असते आणि गर्भात असते शिसे.

सन २००९ मध्ये जपानमधील योकोहामा येथील त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे सहकारी यांनी या शिसेयुक्त पदार्थापासून पहिला सौरघट तयार केला. अंगावर पडलेल्या प्रकाशाच्या शक्तीपैकी केवळ ३.८ टक्के शक्तीची वीज तो करीत असे, आणि घटातील द्रवात तो पदार्थ थोड्याच वेळात विरघळून जाई. त्या काळी हा प्रयोग फार जणांच्या लक्षात आला नाही. परंतु २०१२ साली ऑक्सफर्ड येथील हेन्री स्नेथ यांनी आणि दक्षिण कोरियातील नाम-ग्यू पार्क यांनी द्रव काढून टाकून कोरडे घट तयार केले आणि हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास नेले. त्यानंतर जी चढाओढ लागली, तिच्यात हा आकडा आज २६ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर देऊन केलेल्या जोडघटाने तर ३४ टक्क्यांची मर्यादाही ओलांडली आहे. तुलनेसाठी सांगावयाचे, तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे ठेवलेला सिलिकॉनचा सौरघट सुमारे ६ टक्के शक्तीची वीज करी, आणि सिलिकॉनला आजची योग्यता येण्यास त्यानंतर कित्येक दशके खर्ची पडली.

गुणाइतकेच महत्त्व करणावळीस आहे, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. सिलिकॉन वितळविण्यास १,४०० अंशांहून अधिक उष्णता लागते. पेरोव्स्काइटचे द्रावण काचेवर पसरून सुमारे शंभर अंशांवर वाळविले की काम होते. सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनांच्या आसपास जाडीची असते, तर पेरोव्स्काइटचा थर अर्ध्या मायक्रॉनाच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तीनशेपट पातळ. ब्रिटनमधील ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने आपल्या जर्मनीतील कारखान्यातून अशा जोडपॅनेलांचा पहिला व्यापारी माल २०२४ साली अमेरिकेस रवाना केला. आपल्या देशातही मुंबईच्या पवई येथील आयआयटीत २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्रात या विषयाचे संशोधन चालू आहे. सारांश, हा माल आता केवळ वानगीपुरता राहिलेला नाही.

शिशाचा गुण आणि शिशाचा दोष

शिसे आपणांस परके नाही. तराजूच्या लोखंडी वजनाच्या पोटात शिशाची गोळी बसविलेली असते आणि तीवर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का उमटविलेला असतो. मालाच्या डब्यास लागणारे सील शिशाचे असे. मारुतीच्या अंगास जो शेंदूर चढतो, तो शिशाचाच एक प्रकार. मऊ, आज्ञाधारक, सहज ठसा घेणारा असा हा धातू म्हणून मनुष्याने त्यास हजारो वर्षे जवळ बाळगले.

सौरघटात शिसे इतके उपयोगी का पडते, याचे कारणही त्याच्या स्वभावातच आहे. प्रकाश पदार्थावर पडला की त्यातील विद्युत्कण जागचे सुटतात. ते तारेपर्यंत सुखरूप पोहोचले, तर वीज मिळते. वाटेत एखाद्या खड्ड्यात अडकले, तर शक्ती वाया जाते. पदार्थाच्या रचनेत जेथे अणू गळलेला किंवा चुकीच्या जागी बसलेला असेल, तेथे असे खड्डे पडतात. म्हणूनच सिलिकॉन अत्यंत शुद्ध करावे लागते. शिसेयुक्त पेरोव्स्काइटात मात्र, रचनेत दोष राहिले तरी ते खड्डे बहुधा उथळ असतात आणि विद्युत्कण त्यांतून निसटून पुढे जातात. थोडक्यात, खडबडीत रस्त्यावरही या गाडीतील पोती सांडत नाहीत. शिवाय शिशाचा अणू फार जड असल्यामुळे आपले सर्वांत बाहेरचे दोन विद्युत्कण तो घट्ट धरून ठेवतो, आणि त्यामुळे हवेतील प्राणवायूशी त्याचा सहसा बिघाड होत नाही.

दोष सर्वांस ठाऊक आहे. शिसे हे विष आहे. शरीर त्यास कॅल्शियम समजून हाडांत साठविते. मोठ्यांच्या रक्तदाबावर व मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होतो, आणि लहान मुलांच्या बुद्धीची तर त्याने कायमची हानी होते. शिशाचे निर्धोक म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच आपल्या देशाने २००० साली पेट्रोलमधून शिसे काढून टाकले आणि घरगुती रंगांतील शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भाग एवढीच मर्यादा घातली. एका दाराने घालविलेला हा पाहुणा दुसऱ्या दाराने, आणि तोही स्वच्छ विजेच्या नावाने, घरात येऊ द्यावा काय, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब करून पाहू

आपण व्यापारी आहोत; तेव्हा भीतीने किंवा उत्साहाने नव्हे, तर हिशेबाने निर्णय करावा. प्रचलित शिसेयुक्त पेरोव्स्काइटाच्या वजनाचा सुमारे एक-तृतीयांश भाग शिशाचा असतो. अर्ध्या मायक्रॉन जाडीचा थर धरला, तर एका चौरस मीटर पॅनेलात सुमारे दोन ग्रॅम पेरोव्स्काइट, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश ग्रॅम शिसे येते. गोदामावर १० किलोवॉटचा संच बसविला आणि त्यास ५० चौरस मीटर पॅनेल लागले असे धरले, तर एकूण शिसे सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन तोळे भरते. मोटारीच्या एका साध्या बॅटरीत कित्येक किलो शिसे असते, हे ध्यानात घेता ही रक्कम क्षुल्लक वाटेल. या नव्या मालाचे कैवारी हाच युक्तिवाद करतात, आणि तो खोटा नाही.

परंतु हिशेबास दुसरी बाजूही आहे. धान्यातील शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा एका किलोस ०.२ मिलिग्रॅम इतकी आहे. त्या मापाने पाहता, ३३ ग्रॅम शिसे १,६५,००० किलो, म्हणजे १,६५० क्विंटल धान्यास मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचविण्यास पुरेसे आहे. छपरावरील सर्वच शिसे धान्यात उतरेल असे कोणी म्हणणार नाही. तथापि तीन तोळ्यांचे खरे वजन किती, हे या त्रैराशिकावरून कळून येते.

आणखी एक भेद आहे. बॅटरीतील शिसे जाड पेटीत बंद असते व त्याचे क्षार पाण्यात विरघळण्यास नाखूष असतात. पेरोव्स्काइटास मात्र ओल मुळीच सोसत नाही. काच फुटून आत पाणी गेले की त्याचे विघटन होते आणि शिशाचे आयोडाइड पाण्याबरोबर वाहू लागते. सन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पेरोव्स्काइटातील शिसे मातीत मिसळून पुदिन्याची रोपे वाढविली गेली. मातीत इतर कारणांनी आलेल्या शिशापेक्षा हे शिसे वनस्पतीत सुमारे दहापट सहजतेने शिरते, असे त्यात आढळून आले. ज्यांचा सारा व्यवहार जमिनीतून उगवलेल्या दाण्यावर चालतो, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. वळवाच्या गारा आणि त्यामागून येणारा आपल्या बेळगावचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे.

कथील पुढे आले

शिशाची जागा दुसऱ्या कोणा धातूस देता येईल काय? पहिली निवड सहजच कथलाची झाली, कारण मूलद्रव्यांच्या कोष्टकात कथील शिशाच्या बरोबर वरच्या घरात बसते आणि त्याच मांडणीत चपखल मावते. आपल्या घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांस पिढ्यान्‌पिढ्या कथलाचीच कल्हई होत आली, आणि लबाड कल्हईवाला कथलात शिसे मिसळतो ही तक्रारही तितकीच जुनी आहे. येथे शास्त्रज्ञ नेमके उलट करू पाहत होते. शिशाच्या जागी कथील घालीत होते. सन २०१४ मध्ये ऑक्सफर्ड येथील स्नेथ यांच्या गटाने आणि अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मर्कौरी कनात्झिडिस यांच्या गटाने निव्वळ कथलाचे सौरघट तयार करून सुमारे ६ टक्के गुण मिळविला. आता हा आकडा १५ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. सूर्यप्रकाश शोषण्याच्या बाबतीत तर कथील शिशाहूनही सरस ठरण्यासारखे आहे.

अडचण कथलाच्या स्वभावाची आहे. शिसे जे दोन विद्युत्कण मुठीत घट्ट धरते, ते कथील प्राणवायूची चाहूल लागताच सोडून देते. मग ठोकळ्याच्या गर्भातील कथलाचे रूप पालटते, रचनेत जागोजाग पोकळ्या पडतात आणि घट निकामी होतो. ओल लागलेल्या पोत्यात एका दाण्यास बुरशी आली की ती सर्व पोत्यात पसरते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणून कथलाचे फ्लोराइड मिसळणे, थरावर संरक्षक लेप देणे, निर्वात किंवा प्राणवायुरहित जागेत काम करणे असे नाना प्रयत्न चालू आहेत. त्यांस यश येत आहे. परंतु सिलिकॉनचे विक्रेते जी पंचवीस वर्षांची हमी देतात, तिच्या जवळपासही कथलाचा घट अद्याप पोहोचलेला नाही.

शिवाय, कथील तरी सर्वस्वी निर्दोष आहे काय? बेल्जियममधील संशोधकांनी २०१६ साली झेब्रा माशाच्या पिलांवर शिशाचे व कथलाचे आयोडाइड यांची तुलना केली. जीवांवर असे प्रयोग करणे आपल्या धर्मबुद्धीस रुचणारे नाही. पण निष्कर्ष निघाला आहे, तो लपविता येत नाही. पाण्यात कथलाच्या आयोडाइडापासून आम्ल उत्पन्न होते आणि त्यामुळे त्या पिलांस ते शिशाहूनही घातक ठरले. उलटपक्षी, पुदिन्यावर प्रयोग करणाऱ्या संशोधकांच्या मते वनस्पती आणि जमीन यांचा विचार करता कथील शिशापेक्षा सुरक्षित आहे. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत. भांड्यावरील कल्हईचे कथील वेगळे आणि आयोडीनशी संयोग पावलेले कथील वेगळे. धातूचे नाव एक म्हणून त्याचा गुणही एकच, असे समजू नये, एवढाच याचा अर्थ.

बिस्मथ आणि इतर उमेदवार

दुसरा उमेदवार बिस्मथ. तो कोष्टकात शिशाच्या शेजारी बसतो, तितकाच जड आहे, आणि तरीही इतका सौम्य की पोटाच्या विकारांवरील काही औषधांत तो घातला जातो. परंतु शिशाच्या जागी एकटा बिस्मथ बसत नाही, कारण त्याचा विद्युद्‌भार शिशाहून एकाने अधिक असतो. म्हणून २०१६ साली स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड इत्यादी ठिकाणच्या संशोधकांनी एक युक्ती केली. शिशाच्या दोन अणूंच्या जागी एक अणू बिस्मथाचा आणि एक चांदीचा बसविला, म्हणजे जमाखर्च बरोबर जुळला. त्यातून सिझियम, चांदी, बिस्मथ आणि ब्रोमीन यांचे दुहेरी पेरोव्स्काइट तयार झाले. ते हवेत व उष्णतेत उत्तम टिकते. पण सूर्यप्रकाशातील निळ्या बाजूचे किरण तेवढे ते नीट घेते. बाकीचा मोठा हिस्सा त्यातून तसाच निघून जातो. त्यामुळे छपरावर त्याचा गुण अगदी थोडा पडतो. बिस्मथ आणि अँटिमनी यांच्या संयुगांचा उपयोग घरातील दिव्यांच्या प्रकाशावर चालणाऱ्या लहान उपकरणांसाठी मात्र होऊ शकेल, अशी आशा आहे.

यातील एक गंमत व्यापाऱ्याच्याच नजरेत भरेल. बिस्मथाच्या स्वतंत्र खाणी फार थोड्या. तो बराचसा शिसे शुद्ध करताना मिळणारा जोडमाल आहे. म्हणजे शिसे टाळण्यासाठी जो माल घ्यावयाचा, तो पुष्कळदा शिशाच्याच कारखान्यातून यावयाचा! केवळ अंतिम वस्तू पाहून शुद्धाशुद्धतेचा निवाडा करता येत नाही, तिची सर्व परंपरा पाहावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरा मार्ग शिसे न काढता त्यास बांधून ठेवण्याचा आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०२० साली पॅनेलाच्या दोन्ही बाजूंस शिसे शोषून घेणारे पातळ पापुद्रे लावले. पॅनेल मुद्दाम फोडून पाण्यात ठेवले असता गळणाऱ्या शिशापैकी ९६ टक्क्यांहून अधिक शिसे या पापुद्र्यांनी अडवून धरले. हा उपाय कमी प्रतीचा समजू नये. जोवर शिसेविरहित माल पुरेसा टिकाऊ होत नाही, तोवर हाच व्यवहार्य ठरण्याचा संभव आहे.

श्रावकाची दृष्टी

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे पंधरा धंदे. त्यांत विषवाणिज्याची गणना स्पष्ट केलेली आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांनी आपल्या योगशास्त्रात या सदराखाली नुसते विष न धरता शस्त्रे, लोखंड आणि हरताळ यांसारख्या जीवघातक वस्तूही धरल्या आहेत. हरताळ हा सोमलाचाच प्रकार, आणि तो विकला जाई तो बहुधा रंग म्हणून. रंग म्हणून विकली तरी विषारी वस्तू विषारीच राहते, हा त्यातील कटाक्ष आहे. ‘वीज’ म्हणून विकलेल्या शिशास तो लागू पडत नाही, असे कोण म्हणेल?

त्याचबरोबर आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थास अशक्य गोष्ट सांगितलेली नाही. संकल्पी हिंसा त्याने सर्वथा वर्ज्य करावी. आरंभी व उद्योगी हिंसा पूर्णपणे टळत नसल्याने ती यत्नपूर्वक कमी कमी करीत जावी, असा विवेक त्यांनी घालून दिला. कोळसा जाळून केलेल्या विजेनेही हवेत राख, पारा आणि थोडेफार शिसे जातेच. म्हणून नव्या सौरघटाची तुलना निर्दोष अशा काल्पनिक वस्तूशी न करता आज प्रत्यक्ष वापरात असलेल्या वस्तूंशी केली पाहिजे. हा विचार यतनेचा आहे, भयाचा नव्हे.

आपण काय करावे?

तेव्हा सभासद बंधूंस माझी अशी सूचना आहे. आज ज्यांस पॅनेले बसवावयाची आहेत त्यांनी या नव्या मालाची वाट पाहत थांबू नये. सिलिकॉनचा माल कसास उतरलेला आहे. पुढे जेव्हा पेरोव्स्काइटचा विक्रेता दारात येईल, तेव्हा मात्र स्वस्त भावाने न भुलता त्यास चार प्रश्न लेखी विचारावेत. पहिला, घटात कोणते धातू आहेत आणि दर चौरस मीटरास किती? ‘शिसेविरहित’ हा शब्द पुरेसा नाही. शिशाऐवजी काय घातले, हेही सांगितले पाहिजे. दुसरा, काच फुटल्यास धातू बाहेर पडू नये म्हणून कोणती व्यवस्था आहे आणि तिची परीक्षा कोणी केली? तिसरा, हमी किती वर्षांची, आणि ती देणारी पेढी तितकी वर्षे उभी राहण्यासारखी आहे काय? चौथा, आयुष्य संपल्यावर हे पॅनेल परत कोण नेणार?

या चौथ्या प्रश्नास आता कायद्याचाही आधार आहे. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत सोलर पॅनेलांचा समावेश झाला असून उत्पादकांवर जबाबदारी टाकण्यात आली आहे. तसेच हे अशक्यही नाही; कॅडमियम या विषारी धातूचे घट करणाऱ्या फर्स्ट सोलर या अमेरिकी कंपनीने जुनी पॅनेले परत घेऊन त्यांतील धातू पुन्हा काढण्याची व्यवस्था फार पूर्वीच सुरू केली. फुटके पॅनेल भंगारवाल्यास विकणे किंवा परसात टाकून देणे, हे विषवाणिज्याहून फारसे दूर नाही. ज्या गच्चीवर डाळ, धणे किंवा मिरची वाळत घातली जाते, तिच्या वरच्या अंगास असे पॅनेल बसविण्यापूर्वीही दोनदा विचार करावा.

एकट्या दुकानदाराने असे प्रश्न विचारले, तर विक्रेता हसून पुढच्या दारी जाईल. परंतु आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांनी एकत्र खरेदीचा ठराव करून या चार अटी त्यात घातल्या, तर त्याच विक्रेत्यास उत्तर द्यावेच लागेल. धान्याच्या बाजारात वानगी पाहिल्यावाचून आणि आर्द्रता तपासल्यावाचून आपण सौदा करीत नाही. शेतकरीही आपणास ती तपासू देतो, कारण तो रिवाज आहे. हा रिवाज कोणा सरकारने घालून दिलेला नाही, आपल्या वाडवडिलांच्या आग्रहाने तो पडला. तसाच आग्रह सूर्याच्या विजेबाबत आपण धरला, तर शिशावाचून चालणारा घट तयार करण्यास झटणाऱ्या शास्त्रज्ञांच्या श्रमास बाजाराचे पाठबळ मिळेल. कारण प्रयोगशाळेत काय साधले हे शास्त्रज्ञ सांगतात. पण त्यातील काय चालावे आणि काय चालू नये, हे अखेर गिऱ्हाईकच ठरवीत असते. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत या विषयाचा अवश्य विचार व्हावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.